उपडा रांजण आणि आपले कान

दवाखान्याच्या मागच्या अंगणात, पेरूच्या झाडाखाली मी एक रांजण उपडा करून जमिनीत पुरला आहे, ही बातमी आता गावात बऱ्यापैकी पसरली आहे. डॉक्टरांनी गुप्तधन पुरले इथपासून डॉक्टरांना कोणीतरी वास्तुदोष सांगितला इथपर्यंतचे तर्क माझ्या कानावर आले आहेत. ‘कानावर आले’ असे लिहिताना हल्ली मी जरा थबकतो. त्याचे कारण पुढे येईलच. गेल्या महिनाभरात पाच-सहा वाचकांनी ‘हा काय प्रकार आहे?’ असे पत्राने विचारले. म्हणून मधुमेहींच्या पायांची काळजी हा ठरलेला विषय पुढच्या आठवड्यावर टाकून आज रांजणाविषयी लिहितो. विषय आरोग्याचाच आहे, संपादकांनी काळजी करू नये.

आमची कन्या नोकरीनिमित्त जपानमध्ये ओसाकाला असते. २०२४ च्या मे महिन्यात तिने आम्हा दोघांना तिकडे बोलावून घेतले आणि एका रविवारी क्योटोला नेले. पुण्यात सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान ज्यांनी पाहिले आहे, त्यांना जपानी बाग म्हणजे काय याची कल्पना असेल. ते उद्यान ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेले आहे. तळे, वळणाची पायवाट, दगड आणि हिरवळ. फुलांचा भडिमार नाही. क्योटोच्या ईशान्येला एन्कोजी नावाचे एक बौद्ध मंदिर आहे. तिथली बाग तिकीट काढून कोणालाही पाहता येते. त्या बागेत एका कडेला पाण्याने भरलेले दगडी पात्र, त्याच्या पायाशी गोटे आणि शेजारी एक बांबूची नळी, एवढेच दिसते. पात्रातले थोडे पाणी गोट्यांवर ओतायचे, नळीचे एक टोक गोट्यांजवळ टेकवायचे आणि दुसऱ्या टोकाला कान लावायचा.

सौभाग्यवतींनी आधी कान लावला. "अगं बाई!" एवढेच म्हणाल्या आणि बराच वेळ तशाच वाकून राहिल्या. मग कन्येने ऐकले. मग माझी पाळी आली. मी कान लावला आणि मला ऐकू आले : टुब. थोड्या वेळाने पुन्हा टुब.

"हेच का ते?" मी विचारले.

"टुब नाही हो बाबा, किणकिण. लांब कुठेतरी पैंजण वाजल्यासारखी. आणि किती वेळ रेंगाळते!"

पाणी कमी पडले असेल म्हणून मी आणखी ओतले. कान बदलला. पुन्हा टुब. माझ्या मागे एक जपानी आजोबा आणि त्यांची पाच-सहा वर्षांची नात उभी होती. मी बाजूला झालो, तशी ती नळीपाशी गेली, कान लावला आणि खुदकन हसली. तिला काय ऐकू आले ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. आमची कन्या माझ्याकडे पाहत म्हणाली, "बाबा, घरी गेल्यावर कान तपासून घ्या." तीस वर्षे लोकांचे कान तपासणाऱ्या माणसाला हे ऐकावे लागले.

आता त्या गोट्यांखाली काय असते ते सांगतो. या रचनेला जपानी भाषेत ‘सुइकिन्कुत्सु’ म्हणतात. सुइ म्हणजे पाणी, किन म्हणजे तंतुवाद्य, कुत्सु म्हणजे गुहा. पाण्याच्या वीणेची गुहा म्हणा हवे तर. प्रत्यक्षात ती गुहा म्हणजे मातीचा एक रांजण. साधारण एक ते तीन फूट उंचीचा, बुडाला दोन सेंटिमीटरचे भोक पाडलेला आणि तोंड खाली, बूड वर असा जमिनीत पुरलेला. वरून गोटे रचले की काही दिसत नाही. ओतलेले पाणी गोट्यांतून झिरपून भोकापाशी येते, भोकाच्या कडेला थेंब धरतो, सुटतो आणि आत तळाशी साचवलेल्या उथळ पाण्यात पडतो. त्याचा आवाज रांजणाच्या पोकळीत घुमतो आणि भोकातून बाहेर येतो. जपानच्या इडो कालखंडात, म्हणजे १६०३ ते १८६८ या काळात, ही युक्ति निघाली. हात धुण्याच्या पात्राभोवती चिखल होऊ नये म्हणून केलेला हा मुळात पाण्याचा निचरा. आपल्याकडे मोरीच्या बाहेर शोषखड्डा करतात तसाच. पण तिथल्या माळ्यांनी त्या शोषखड्ड्यातून संगीत काढले.

पुढे हा प्रकार जवळजवळ विस्मरणात गेला. १९५९ साली टोकियोच्या कृषी विद्यापीठातील हिरायामा या प्राध्यापकांनी शोध घेतला तेव्हा मोजकेच रांजण सापडले आणि तेही बहुतेक मातीने बुजलेले. १९८० नंतर वृत्तपत्रे व दूरचित्रवाणीने त्याकडे लक्ष वेधले आणि नवे रांजण पुरले जाऊ लागले. १९९६ साली जपानच्या पर्यावरण खात्याने जपून ठेवण्यासारख्या शंभर आवाजांची यादी केली. स्मारकांची नव्हे, आवाजांची! हातकागदासाठी प्रसिद्ध असलेल्या मिनो या गावातला असाच एक रांजण त्या यादीत आहे. आपल्याकडे अशी यादी करायची ठरली तर तिच्यात काय घालावे, यावर मी विमानात बराच विचार केला. जात्याची घरघर आता गेली. मोटेचे कुरकुरणे त्याआधीच गेले.

ध्वनीचे शिल्प उद्यानात किंवा रस्त्यावर मांडायची पद्धत आता जगभर रुजली आहे. क्रोएशियातील झादर शहरात २००५ सालापासून समुद्राच्या लाटा दगडी पायऱ्यांखालच्या ३५ नळ्यांतून सूर काढतात. ऑस्ट्रेलियातील मेलबर्नच्या एका उद्यानात खांबांवर उलट्या बसवलेल्या ३९ घंटा आहेत. कॅनडातील मॉन्ट्रियल शहरात २०११ साली २१ झोपाळे टांगले होते; झोका घेतला की सूर निघायचा आणि अनेकांचे झोके जुळले की सुरावट निघायची. यातली काही शिल्पे वारा, लाट किंवा यंत्र वाजवते, काहींना माणूसच लागतो. रांजण दुसऱ्या जातीचा. तुम्ही पाणी ओतले नाही तर तो गप्प, आणि तुम्ही स्वतः गप्प झाला नाहीत तर तो वाजूनही उपयोग नाही.

थेंब पडल्यावर आवाज कशाचा येतो? मलाही वाटायचे की पाणी पाण्यावर आदळते त्याचा. तसे नाही. केंब्रिज विद्यापीठातील अनुराग अगरवाल या संशोधकांना एका मित्राच्या घरी गळक्या छताखालच्या बादलीत पडणाऱ्या थेंबांमुळे हा प्रश्न पडला. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिवेगवान कॅमेरा आणि पाण्यातले मायक्रोफोन लावून २०१८ साली त्याचे उत्तर दिले. थेंब आदळणे जवळजवळ निःशब्द असते. आदळल्यावर पाण्याला खळगा पडतो, तो मिटताना तळाशी हवेचा एक बारीकसा बुडबुडा अडकतो. तो बुडबुडा कंप पावतो, त्याबरोबर वरचा पृष्ठभाग थरथरतो आणि ती थरथर म्हणजे आपण ऐकतो तो ‘टिप्’. पाण्यात भांडी घासायचा साबण घातला तर हा आवाज बंद होतो, असेही त्यांना आढळले. ही गोष्ट लक्षात ठेवा.

हा ‘टिप्’ अगदी क्षीण. त्याला मोठा करतो रांजण. नळाखाली घागर भरताना आवाज चढत चढत जातो, हे प्रत्येक गृहिणीला माहीत आहे. न पाहता ती स्वयंपाकघरातून सांगते, ‘घागर भरत आली.’ आतली हवेची पोकळी लहान होत जाते तसा सूर चढतो. प्रत्येक पोकळीचा आपला एक लाडका सूर असतो आणि तेवढा ती उचलून धरते. आपल्या कानाची नळीसुद्धा अशीच एक पोकळी आहे. सुमारे अडीच सेंटिमीटर लांब, एका टोकाला उघडी, दुसऱ्या टोकाला पडद्याने बंद. तिचा लाडका सूर सेकंदाला सुमारे ३००० कंपनांचा. म्हणजे निसर्गाने प्रत्येकाच्या डोक्यात दोन छोटे रांजण आडवे पुरले आहेत.

पडद्याच्या पलीकडे तीन चिमुकली हाडे आणि त्यांच्या पलीकडे अंतर्कर्णातला शंख. गोगलगाईच्या शंखासारखे अडीच वेढे. उलगडून सरळ केला तर जेमतेम ३५ मिलिमीटर. त्यात १५ हजारांच्या आसपास केशपेशी रांगेने उभ्या असतात. उंच, बारीक सुरांच्या पेशी दाराशी आणि खर्जाच्या पेशी पार आतल्या टोकाशी. कोणताही आवाज आत शिरला की दाराजवळच्या पेशींना हलवूनच पुढे जातो. वाड्याचा उंबरठा आधी झिजतो, माजघर शाबूत राहते, तसेच काहीसे इथे होते. वय, मोठे आवाज, काही औषधे यांचा पहिला फटका या दाराजवळच्या पेशींना बसतो. आणि ही पेशी एकदा मेली की माणसात पुन्हा उगवत नाही. कातडी भरून येते, हाड जुळते, यकृतसुद्धा वाढते. केशपेशी नाही.

परत आल्यावर मी मुकाट्याने ऑडिओमेट्री करून घेतली. म्हणजे बंद खोलीत कानाला हेडफोन लावून वेगवेगळ्या उंचीचे सूर ऐकवतात आणि ऐकू आला की बटण दाबायचे. १००० कंपनांपर्यंत मी उत्तम. २००० ला किंचित घसरण. ४००० ला आलेख विहिरीत पडावा तसा ५५ डेसिबलवर गेला. निरोगी कानाला २० डेसिबल किंवा त्याहून हळू आवाज ऐकू यायला हवा. दोन्ही कान सारखेच. थेंबाच्या आवाजातला जाड, खालचा भाग मला ऐकू येत होता. त्यावरची पातळ किणकिण माझ्यासाठी वाजतच नव्हती.

डॉक्टर असून हे इतकी वर्षे कळले कसे नाही, असे वाचक विचारतील. मीही विचारले. एक कारण स्टेथोस्कोप. हृदयाचे ठोके आणि छातीतले बहुतेक आवाज १००० कंपनांच्या खालचे असतात. माझे रोजचे काम ज्या सुरांवर चालते ते शाबूत होते, त्यामुळे शंका यायला जागाच नव्हती. दुसरे कारण असे, की ऱ्हास इतका हळूहळू होतो की ‘कालपर्यंत होते, आज गेले’ असे काही घडत नाही. दृष्टी गेली की अंधार दिसतो. वरचे सूर गेले की त्या जागी काहीच उरत नाही, म्हणून गेल्याचेही कळत नाही. खुणा होत्या. ‘येताना साखर आणा’ असे सांगितल्यावर मी भाकर आणली होती आणि वर ‘तूच म्हणालीस’ म्हणून भांडलोही होतो. आमचे कंपाउंडर दोन-तीनदा हळूच म्हणाले होते, "डॉक्टर, पेशंट सात दिवस म्हणाला, आठ नाही." मी ते त्यांच्या नव्हे, पेशंटच्या उच्चारांवर ढकलले.

साखर आणि भाकर यांत फरक कशाचा? ‘स’चा आणि ‘ख’चा. बोलण्यातले स्वर, म्हणजे आ, ओ, ए, हे खालच्या सुरांत असतात आणि त्यांनी आवाजाला जोर येतो. स, श, फ, थ, ख, त ही व्यंजने बारीक, वरच्या सुरांतली आणि हळू. शब्दाचा अर्थ बहुधा व्यंजनांवर टांगलेला असतो. म्हणून वरचे सूर गेलेला माणूस म्हणतो, ‘ऐकू येतं, पण कळत नाही.’ हे वाक्य नीट ध्यानात ठेवा. माणूस आवाज मोठा करायला सांगत नसतो, तो शब्द स्पष्ट मागत असतो. त्याच्या कानात ओरडून उपयोग होत नाही. ओरडल्याने स्वरच फुगतात, व्यंजने तिथल्या तिथे.

हेच वाक्य तीन वर्षांपूर्वी गणिताचे एक निवृत्त मास्तर माझ्यासमोर बसून बोलले होते. मी बॅटरीने कानात पाहिले, मळ नव्हता, पडदा छान होता. ५१२ कंपनांचा चिमटा वाजवून कानाजवळ धरला, त्यांना व्यवस्थित ऐकू आला. येणारच, तो सूर खालचा. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "वय झालं मास्तर, चालायचंच." ते उठून गेले. पुढे त्यांनी संध्याकाळचा कट्टा सोडला, कारण चार जण एकदम बोलू लागले की त्यांना धागा सापडेना. लग्नकार्याला जाणे सोडले. घरच्यांना वाटले मास्तर विक्षिप्त झाले, सूनबाईंना वाटले मुद्दाम उत्तर देत नाहीत. हे सारे मला ठाऊक होते आणि त्याचा त्या कानांशी संबंध मी लावला नव्हता. क्योटोहून परतल्यावर माझा स्वतःचा आलेख हातात आला, त्या रात्री मला मास्तर आठवले.

वय हे कारण आहेच, पण एकटे नाही. माझ्या बाबतीत दुसरे कारण मला पक्के माहीत आहे. महाविद्यालयात असताना सलग सहा वर्षे मी गणपतीत ताशा वाजवला आहे. कमरेला ताशा, दोन्ही बाजूंना आणखी ताशे, मागे ढोल. मिरवणूक संपली की दोन दिवस कानात शिट्टी वाजायची आणि आम्ही ती अभिमानाने एकमेकांना सांगायचो. ती शिट्टी म्हणजे केशपेशींची तक्रार होती. त्या दिवसांबद्दल मला पश्चात्ताप होतो असे मी म्हणणार नाही, ते खोटे होईल. पण कानात दोन इयरप्लग घातले असते तर ताल चुकला नसता. कापसाचे बोळे नव्हे; त्यांनी फारसा आवाज अडत नाही. औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे.

जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब सोपा आहे. ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालतो. ९० डेसिबल झाला तर आठवड्याला फक्त ४ तास. १०० डेसिबल असेल तर आठवड्याचा सगळा वाटा २० मिनिटांत संपतो. डेसिबलचा जिना असा आहे की दर तीन पायऱ्यांना आवाजाची शक्ती दुप्पट होते. मिरवणुकीतल्या ध्वनिक्षेपकांच्या भिंतीसमोर १०० चा आकडा गाठणे मुळीच अवघड नाही. लग्नाची वरात असो, प्रचारसभा असो की जयंती असो, केशपेशी कारण विचारत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, हे मी माझ्या चौकात उभे राहून कोणाला सांगायला गेलो तर त्याला ऐकू जाणार नाही. हेडफोनचीही तीच गत. याच संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगात दीडशे कोटींहून अधिक लोकांची श्रवणशक्ती कमी-अधिक उणी आहे.

औषधांचेही सांगायला हवे. क्षयरोगावरचे स्ट्रेप्टोमायसिन, जंतुसंसर्गावरची जेंटामायसिन, अमिकासिन ही इंजेक्शने काहींच्या केशपेशी मारतात. जीव वाचवण्यासाठी ती द्यावी लागतात. अशा उपचारात कानात शिट्टी वाजू लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे. आणि एखाद्या सकाळी उठल्यावर एक कान अचानक बंद वाटला, तर मळ असेल म्हणून तेल घालत बसू नये. ती अंतर्कर्णाची तातडीची अवस्था असू शकते आणि उपचार पहिल्या काही दिवसांतच गुण देतात. एकाच कानाला हळूहळू कमी ऐकू येत गेले तरी तज्ज्ञांकडून तपासून घ्यावे. तेल, काडी, केसांची पिन यांविषयी मी या सदरात इतक्यांदा लिहिले आहे की आता कंटाळा आला.

आता आपल्या रांजणाकडे येऊ. परत आल्यावर मला तो आवाज घरी हवा होता, निदान इतरांना तरी ऐकू येतो का ते पाहायला. कुंभारवाड्यातून अडीच फुटी रांजण आणला. बुडाला भोक पाडताना पहिला फुटला. दुसऱ्याला मी हौसेने मोठे भोक पाडले, तर पाणी थेंबाने न पडता धारेने पडू लागले आणि आवाज मोरीसारखा आला. तिसऱ्या वेळी कुंभारालाच ओल्या मातीत भोक ठेवायला सांगितले. खाली आमची जुनी पितळी परात ठेवली, तिच्यात चार विटांच्या तुकड्यांवर रांजण उपडा टेकवला, भोवती खडी भरली. परात भरली की जास्तीचे पाणी काठावरून खडीत जाते, त्यामुळे आत तीन बोटे पाणी कायम राहते. वर नदीतले गोटे.

पहिला थेंब पडला तेव्हा मी नाही, आमच्या कंपाउंडरांनी मान डोलावली.

दोन गोष्टी ध्यानात आल्या, ज्या जपानी पाहुण्याला कोणी सांगत नाही. एक म्हणजे साचलेले पाणी. आमच्या आरोग्यसेविका घरोघरी डासांच्या अळ्या शोधत फिरतात आणि डॉक्टरच्याच अंगणात डेंग्यूचा डास वाढला तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. म्हणून परातीच्या तळाला नळी बसवून बूच लावले आहे. आठवड्यातून एकदा परात पूर्ण रिकामी करून एक रात्र कोरडी ठेवतो. रांजणाच्या भोकावर बारीक जाळीही लावून पाहिली, पण जाळीने थेंबाचा आकार बिघडतो. कोरडा दिवसच बरा. दुसरी गोष्ट, एके दिवशी रांजण एकाएकी मुका झाला. पाणी ओतले, थेंब पडत होते, आवाज नाही. मला वाटले माझे उरलेसुरले कानही गेले. पण कोणालाच ऐकू येईना. चौकशी केली तर ड्रेसिंग झाल्यावर कोणीतरी तिथेच साबणाने हात धुतले होते! केंब्रिजकरांचा साबण आमच्या परातीत उतरला होता. परात दोनदा धुतल्यावर आवाज परत आला.

रुग्ण नंबर येईपर्यंत आता मागे जाऊन तांब्याभर पाणी ओततात आणि नळीला कान लावतात. ही काही श्रवणाची तपासणी नव्हे. इथे किणकिण ऐकू आली म्हणून कान ठणठणीत, असे कोणी समजू नये. तपासणी ऑडिओमेट्रीचीच, जिल्हा रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात चौकशी करावी. पण एक झाले. नवरा-बायको एकापाठोपाठ कान लावतात, एकाला ऐकू येते, दुसऱ्याला येत नाही, आणि तिथे जे बोलणे होते ते माझ्या दहा सल्ल्यांनी झाले नसते. असे अकरा जण आतापर्यंत स्वतःहून तपासायला गेले. त्यांतल्या तिघांच्या कानात नुसता मळ होता.

मास्तरांना मी स्वतः घरी जाऊन घेऊन आलो. आधी तपासणी करवली, मग श्रवणयंत्रे. त्यांना ती नको होती. चष्मा लावताना न वाटणारी लाज श्रवणयंत्र लावताना का वाटते, हे मला कधीच कळलेले नाही. मी त्यांना २०२४ च्या लॅन्सेट आयोगाच्या अहवालाचे सांगितले. उतारवयातल्या स्मृतिभ्रंशाला कारण होणाऱ्या, आणि ज्यांवर उपाय करता येतो अशा चौदा गोष्टींत त्यांनी श्रवणदोष धरला आहे. गणिताच्या माणसाला कारण पटले. पहिले दोन आठवडे ते वैतागले. ताटल्यांचा आवाज, पंख्याचा आवाज, स्वतःच्या चपलांचा आवाज, सगळेच अंगावर येते म्हणाले. ते खरेच आहे. वर्षानुवर्षे बंद पडलेला रस्ता मेंदूला पुन्हा वापरायला शिकावे लागते, त्याला महिना-दोन महिने लागतात. बरीच यंत्रे याच काळात कपाटात जातात. मास्तरांचे गेले नाही, कारण मी दर सोमवारी त्यांना बोलावून घेत होतो. प्रायश्चित्त म्हणा.

सहाव्या आठवड्यात ते मागच्या अंगणात गेले, पाणी ओतले, यंत्र कानाला ठेवूनच नळीजवळ वाकले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग बोटे मोजत म्हणाले, "डॉक्टर, थेंब सारख्या अंतराने पडत नाहीत. दोन जवळ, एक लांब, मग तीन जवळ. याला काही सूत्र आहे का?" मी सांगितले, पाणी भोकाच्या कडेला जिथे जमेल तिथून सुटते, त्यामुळे ताल बांधलेला नसतो. ते उत्तर त्यांना पटले नाही. आता ते वही घेऊन येतात.

मी माझी यंत्रे मागवली आहेत, पुढच्या पंधरवड्यात येतील. तोवर माझ्याशी बोलताना समोर बसून, तोंडावर हात न ठेवता बोलावे, ओरडू नये. ज्या वाचकांना रांजण ऐकायचा आहे त्यांनी दवाखान्याच्या वेळात केव्हाही यावे, फक्त साबण लावलेले हात तिथे धुऊ नयेत. शनिवारी संध्याकाळी परातीचे बूच काढतो, म्हणून रविवारी आवाज नाही; सोमवारी सकाळी पहिले येतील त्यांनी दोन बादल्या ओतून परात भरू द्यावी, मग कान लावावा.